थ्री-सीवर असताना घर कसं मिळालं: घरमालकांच्या सरकारी तपासणी सेवेचा माझा अनुभव

१९ मे २०२५ ला रात्री बारा वाजता माझ्या व्हिसाची तारीख उलटली आणि २० मेला सकाळी सात वाजता मी नेहमीसारखी लॅबमध्ये कामाला उभी होते. यात बेकायदा काहीच नव्हतं. पीआरचा, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहायच्या परवानगीचा (इथं तिला आयएलआर म्हणतात), अर्ज मी २८ एप्रिललाच भरला होता. मुदतीच्या आत अर्ज गेला असेल तर निकाल लागेपर्यंत जुन्याच अटींवर राहायचा आणि काम करायचा हक्क चालू राहतो. १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याचं हे कलम ३सी. इथले आपले लोक नुसतं ‘थ्री-सी’ म्हणतात. “काय गं, निकाल आला का?” “नाही, अजून थ्री-सीवरच आहे.”

थ्री-सीचं कार्ड मिळत नाही. माझ्या हातात होती ती अर्ज पोचल्याची ईमेल, पैसे भरल्याची पावती आणि अर्जाचा नंबर. कायद्यानं मी पूर्ण सुरक्षित होते, पण कुणी “दाखव” म्हणालं की दाखवायला काही नव्हतं. म्हणून ब्रिटन सरकारच्या तीन ऑनलाइन सेवांबद्दल लिहितेय: शेअर कोड, कंपन्यांसाठीची एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिस आणि घरमालकांसाठीची लँडलॉर्ड चेकिंग सर्व्हिस. त्यातलं तिसरं नाव मी इथं सात वर्षं राहूनही ऐकलं नव्हतं, आणि शेवटी घर मिळालं ते तिच्यामुळंच.

मी सांगलीची. २०१८ ला लेस्टरला एमएससीला आले आणि मे २०२० पासून इथंच एका अन्नतपासणीच्या लॅबमध्ये आहे. विद्यार्थी म्हणून काढलेला काळ धरत नाहीत, त्यामुळं या अर्जाला लागणारी माझी पाच वर्षं नोकरीच्या व्हिसापासून मोजली. २०२५ मध्ये अर्जाची फी ३,०२९ पौंड होती. ‘लाइफ इन द यूके’ परीक्षेचे ५० वेगळे (४५ मिनिटांत २४ प्रश्न, १८ बरोबर यावे लागतात, नीट वाचून गेलं की जमते). आणखी १,००० पौंड भरले की निकाल एक-दोन दिवसांत लागतो, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत थांबायची तयारी ठेवायची. पण आमची घरमालकीण घर विकायला काढणार होती, म्हणजे नव्या घराचं डिपॉझिट लागणार होतं. कायद्यानं ते पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ८५० पौंड भाडं धरलं तर तेच जवळपास हजार होतात. मी ते हजार घरासाठी ठेवले आणि थांबायचं ठरवलं.

शेअर कोडचं आधी सांगते, कारण तो सगळ्यांना माहीत असतो. जुनं बीआरपी, म्हणजे व्हिसाचं प्लास्टिकचं कार्ड, ३१ डिसेंबर २०२४ ला बाद झालं आणि सगळं ई-व्हिसावर आलं. आपल्या खात्यात जायचं, कशासाठी हवंय ते निवडायचं, की नऊ अक्षर-अंकांचा कोड मिळतो. नोकरीसाठीचा कोड डब्ल्यूनं सुरू होतो, घरासाठीचा आरनं, बाकी कामांसाठीचा एसनं. ९० दिवस चालतो. समोरचा माणूस तो कोड आणि आपली जन्मतारीख टाकतो, त्याला आपला फोटो आणि हक्काचा तपशील दिसतो. पासपोर्ट कुणाच्या हातात द्यावा लागत नाही, झेरॉक्स काढाव्या लागत नाहीत. व्हिसा चालू असेपर्यंत याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही आणि मी त्याला पाचपैकी पाच देईन. फक्त पासपोर्ट नवा काढला तर त्याचा नंबर खात्यात आठवणीनं बदलून घ्या.

पण मे उलटल्यावर माझ्या खात्यात दिसत होती ती जुनीच तारीख. अर्ज निकालात निघेपर्यंत त्या तारखेच्या पुढं मी कायदेशीर इथं आहे, हे ते पान वाचणाऱ्याला समजत नव्हतं. अशी जुनीच तारीख दिसत असेल तर शेअर कोड पाठवत बसू नका. समोरचा माणूस तारीख बघतो आणि तिथंच विषय संपवतो.

नोकरीच्या बाबतीत मला त्रास झाला नाही, याचं सगळं श्रेय आमच्या एचआरमधल्या बाईंना. मी एप्रिलमध्येच त्यांना अर्जाची पावती देऊन ठेवली होती. व्हिसा संपल्यावर त्यांनी एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसला विचारलं. त्या फॉर्ममध्ये माझं नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, घरचा पत्ता, कामाचं पद, आठवड्याचे तास आणि अर्जाचा नंबर एवढंच लागतं. पाच कामाच्या दिवसांत उत्तर देतो म्हणतात, आमचं तिसऱ्या दिवशी आलं. ‘पॉझिटिव्ह व्हेरिफिकेशन नोटिस’, म्हणजे मला काम करायचा हक्क आहे असा लेखी दाखला. ती सहा महिने चालते, मग परत तपासायचं. आणि हे मात्र प्रत्येकानं आपल्या एचआरला सांगून ठेवावं: व्हिसा संपण्याआधी अर्ज गेलाय याची कंपनीला खात्री असेल तर ही नोटिस मिळवायला कायदा २८ दिवसांची सवड देतो. म्हणजे व्हिसा संपला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी माणसाला घरी बसवायची काहीच गरज नसते. पण एका बेकायदा कामगारामागं पहिल्या वेळचा दंड ४५,००० पौंडांपर्यंत गेलाय, त्यामुळं माहिती नसलेला मॅनेजर घाबरून आधी कामावरून थांबवतो.

हे नुसतं ऐकीव नाही. रॅमफेल नावाच्या, स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं याच प्रश्नावर लंडनच्या हायकोर्टात दावा लावला होता. त्यातली बाई हेल्थकेअर असिस्टंट. तिचा थ्री-सी चालू असताना केवळ पुरावा दाखवता येईना म्हणून तिला कामावरून निलंबित केलेलं. जून २०२४ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की थ्री-सीवरच्या लोकांना पुरावा न देणं बेकायदा आहे. तो निकाल मी जुलैत एका रात्री जेवण तसंच ठेवून वाचून काढला. घर शोधायला लागून तेव्हा बारा दिवस झाले होते.

त्या बारा दिवसांत काय झालं ते सांगते. एक छान फ्लॅट बघितला. स्वयंपाकघराला खिडकी, लॅब चालत वीस मिनिटं. एजन्सीतली मुलगी गोड बोलणारी होती. पगाराच्या स्लिपा बघितल्या, आधीच्या घरमालकिणीचं पत्र बघितलं, आणि मग म्हणाली, “तुमचा व्हिसा मेमध्येच संपलाय.” मी थ्री-सी समजावलं, पावती दाखवली, घरमालकांसाठी सरकारची तपासणी सेवा आहे हेही सांगितलं (ते मला आदल्या रात्री कळलेलं). तिनं आत जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं की त्यांच्याकडं चालू तारखेचा व्हिसाच लागतो, बाकी काही ते करत नाहीत. दुसऱ्या एजन्सीत तर फोनवरच नाही म्हणाले. त्या मुलीवर माझा राग नाही. इंग्लंडमध्ये भाड्यानं घर देण्याआधी भाडेकरूचा राहायचा हक्क तपासावा लागतो, आणि चूक झाली तर दंड. २०२४ च्या फेब्रुवारीत तो एका भाडेकरूमागं १,००० पौंडांवरून १०,००० पर्यंत नेला, पुन्हा सापडले तर २०,०००. ग्लासगोत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला यातलं काहीच करावं लागलं नाही, कारण स्कॉटलंडला हा नियमच नाही. पण मी लेस्टरला होते, आणि घर सोडायला तीन आठवडे उरले होते. पाच वर्षं वेळेवर कर भरलेला, एक दिवस मुदत चुकवली नव्हती, आणि गाडीत बसून मी रडले.

एक सावधगिरी इथंच सांगते. घर धरून ठेवायला एजन्सी एक आठवड्याच्या भाड्याइतकं होल्डिंग डिपॉझिट मागते, आणि तपासणीत अडकलात तर ते जाऊ शकतं. तेव्हा पैसे भरण्याआधी तोंड उघडून सांगा: “माझा अर्ज प्रलंबित आहे, तुम्ही लँडलॉर्ड चेकिंग सर्व्हिसला विचाराल का?” हो म्हणाले तरच पुढं जा.

नंतर बेलग्रेव्ह रोडवरच्या एका वाणसामानाच्या दुकानात चिठ्ठी लावलेली दिसली. एक बेडरूम, मालक स्वतः भाड्यानं देणार. मालक म्हणजे सत्तरीकडं झुकलेले गुजराती काका. मी दारातच सगळं खरं सांगितलं, घर बघण्याआधी. काका म्हणाले, “बेटा, चहा घे, मग सांग.”

काका युगांडातल्या कंपालात जन्मलेले. १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीननं भारतीयांना देशाबाहेर काढलं तेव्हा चौदा वर्षांचे होते. त्या वर्षी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तिथल्या भारतीयांना ‘इथं येऊ नका’ असं कळवलं होतं, हे मला माहीत होतं. काकांच्या वडिलांनी ती जाहिरात वाचली होती आणि तरीही ते लेस्टरलाच आले. “कागद नसला म्हणजे माणूस नसतो का?” एवढंच काका बोलले आणि कॉम्प्युटर सुरू केला. फॉर्म त्यांच्याच नावानं भरावा लागतो, भाडेकरूला भरता येत नाही. काकांना टाइप करायला वेळ लागत होता, म्हणून मी शेजारी बसून एकेक शब्द सांगत गेले. माझं नाव, जन्मतारीख, पासपोर्टावरचं राष्ट्रीयत्व, अर्जाचा नंबर, घराचा पत्ता. चहा गार व्हायच्या आत झालं. पैसे काही लागत नाहीत.

गुरुवारी १० जुलैला फॉर्म गेला. दोन कामाच्या दिवसांत उत्तर येईल असं लिहिलेलं असतं. सोमवारी दुपारी काकांचा फोन आला, “आला रे बेटा, हो म्हणतात.” त्या ईमेलचा अर्थ असा, की मला घर भाड्यानं देता येतं आणि पुढचे बारा महिने काकांना दंडाची भीती नाही. २६ जुलैच्या शनिवारी मी सामान हलवलं.

या सेवेला मी पाचपैकी चार देते. वेळ पाळतात, फॉर्म सोपा आहे, उत्तर स्वच्छ असतं. एक गुण कापते तो मात्र मोठ्या गोष्टीसाठी. पुरावा माझ्याबद्दल असतो, पण तो मागायचा अधिकार मला नाही. समोरच्यानं पाच मिनिटं काढली तर घर, नाही काढली तर नाही. काका भेटले नसते तर सरकारची एवढी चांगली सेवा असूनही मी कुणाच्या तरी सोफ्यावर झोपले असते. भाडेकरूला स्वतः ती विनंती पाठवता आली पाहिजे, आणि उत्तराची एक प्रत त्यालाही मिळाली पाहिजे. याबद्दल मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलंय. तुम्हीही लिहा, खरंच लिहा.

माझ्या एचआरला आलेली नोटिस घरासाठी चालत नाही, हेही सांगून ठेवते कारण मी तो प्रयत्न केला होता. दोन्ही तपासण्या वेगळ्या. एकाच फाइलमध्ये अर्ज पोचल्याची ईमेल, तारीख स्पष्ट दिसणारी पावती, अर्जाची पूर्ण पीडीएफ आणि बायोमेट्रिक्स दिल्याची नोंद ठेवा. नंबर पाठ करा. मला अजून पाठ आहे.

आणि भारताचं तिकीट काढू नका. अर्ज प्रलंबित असताना ब्रिटन सोडलं (आयर्लंडसारखे शेजारचे भाग सोडून) तर अर्ज मागं घेतला असं धरतात. माझ्या भावाचं लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात होतं. आईनं फोन स्टूलवर उभा करून ठेवला होता, मंगलाष्टकं चालू असताना कुणाचा तरी धक्का लागून तो पडला, आणि अक्षता पडल्या तेव्हा मला फक्त मांडवाचं छत दिसत होतं. तिकिटाचे पैसे होते, रजा मंजूर होती. हे मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

११ सप्टेंबरला निकालाची ईमेल आली. मंजूर. संध्याकाळी खात्यात जाऊन आरनं सुरू होणारा नवा शेअर कोड काढला, पेढे मिळाले नाहीत म्हणून बर्फी घेतली आणि काकांकडं गेले. त्यांनी चष्मा लावून कोड स्वतः टाइप केला, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. पान उघडलं. माझा फोटो, आणि राहायला मुदत नाही. काकांनी ते पान छापलं, भोकं पाडून जुन्या ईमेलच्या वर फाइलला लावलं आणि म्हणाले, “चला, आता पुढच्या जुलैत परत तपासायला नको.”