बिल कोल्हापूरचे, पिनकोड निपाणीचा: फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा बावीस महिन्यांचा अनुभव

२०२३ च्या दसऱ्याला, म्हणजे २४ ऑक्टोबर रोजी, मी कोल्हापुरातील एका मोठ्या दुकानातून सात किलो क्षमतेचे फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतले. संपूर्ण मशीनवर दोन वर्षांची आणि मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी होती. आम्हा निपाणीकरांची मोठी खरेदी बहुधा कोल्हापुरातच होते, कारण कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे आणि आमचे जिल्ह्याचे ठिकाण असलेले बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. दुकानाच्या टेम्पोने दुसऱ्याच दिवशी कोगनोळी नाका ओलांडून मशीन घरपोच आणून दिले आणि तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस कोल्हापूरहूनच येऊन ते बसवून गेला. मधे महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्द आहे, हे तेव्हा कोणाला आठवलेही नाही.

मशीनबद्दल आधी चांगले तेवढे सांगतो. मी तंबाखूच्या वखारीत हिशेबाचे काम करतो. हंगामात खकाणा, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, शर्टाच्या कॉलरपासून खिशाच्या शिवणीपर्यंत भरतो आणि त्याचा वास हाताने धुतलेल्या कपड्यांना दोन दोन दिवस सोडत नाही. साठ अंशांवरच्या धुण्यात तो पूर्ण जातो. पावसाळ्यात जाड सुती कपडे स्पिननंतर इतके निथळलेले निघतात की पंख्याखाली रात्रीत वाळतात. उणिवा म्हणाल तर सुती कपड्यांचे धुणे दोन तासांहून अधिक चालते, दाराच्या रबरी गॅस्केटच्या घडीत पाणी साचते म्हणून ती दर वेळी पुसावी लागते, आणि टाकी फार उंच नसेल तर पाण्याचा दाब कमी पडून मशीन मधेच थांबते. या सगळ्याची सवय होते.

चौदाव्या महिन्यात, डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, स्पिनच्या वेळी घरघर सुरू झाली आणि चार दिवसांत तिचा खडखडाट झाला. मशीन बंद ठेवून ड्रम हाताने फिरवला तरी खरखर जाणवत होती आणि वर उचलून पाहिल्यावर ड्रम किंचित हलत होता. ही लक्षणे बेअरिंगची असतात. बेअरिंगच्या पुढचे सील झिजले की पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि पोलादी गोळ्या गंजतात. मोटर ठणठणीत होती, त्यामुळे दुकानातल्या फलकावर ठळक अक्षरांत मिरवणाऱ्या दहा वर्षांचा इथे काडीचाही उपयोग नव्हता. बेअरिंग दोन वर्षांच्या वॉरंटीतच येते. ती दोन वर्षे मात्र अजून संपायची होती.

९ डिसेंबर रोजी टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली. पिनकोड ५९१ ने सुरू होतो म्हटल्यावर ती आपोआप बेळगावच्या सर्व्हिस सेंटरकडे गेली. नऊ दिवसांनी चिकोडीकडचा एक तरुण टेक्निशियन आला. तो कानडीत आणि मोडक्या मराठीत बोलत होता, मी मराठीत आणि मोडक्या कानडीत; आमच्या भागात असे संभाषण कोणाला अडत नाही आणि इथेही अडले नाही. त्याने ड्रम फिरवून बेअरिंगच गेल्याचे मान्य केले, या मॉडेलमध्ये बेअरिंग सुटे मिळत नसल्याने पूर्ण टब बदलावा लागेल असे सांगितले आणि जाताना खालचा ड्रेन फिल्टर उघडून पाहिला. फिल्टरमध्ये तंबाखूचा तपकिरी गाळ होता. त्याने त्याचा फोटो काढला, जॉब शीटवर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, माझी सही घेतली आणि पार्ट मागवण्यासाठी लागतो म्हणून मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून घेतला.

माझ्या हातून इथे दोन चुका झाल्या. रोज वखारीत दुसऱ्यांच्या पावत्या ओळ न् ओळ तपासणाऱ्या माणसाने स्वतः सही केलेल्या कागदावरच्या दोन ओळी वाचल्या नाहीत. दुसरे असे की तो ओटीपी पार्ट मागवण्याचा नव्हताच, तक्रार बंद करण्याचा होता. संध्याकाळी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश आला, आणि सोबत पाचपैकी किती तारे देणार अशी विचारणाही.

तक्रार पुन्हा नोंदवली तेव्हा कळले की जॉब शीटवर ‘व्यावसायिक वापर’ असा शेरा आहे. वॉरंटी कार्डाप्रमाणे मशीन घरगुती वापरापुरतेच असते, म्हणजे त्या एका शेऱ्याने वॉरंटीच निकालात निघत होती. टब आणि मजुरी धरून ७,८०० रुपयांचा अंदाज मला पाठवण्यात आला. वखारीत काम करणाऱ्याचे घरचे कपडे आणि वखारीचे मशीन यांतला फरक मी फोनवर सहा वेळा, सहा वेगवेगळ्या माणसांना समजावून सांगितला. प्रत्येकाने अत्यंत नम्रपणे दिलगिरी व्यक्त केली आणि प्रत्येकाने मला पहिल्यापासून सांगायला लावले.

त्यानंतर हद्दीचा प्रश्न उभा राहिला. शेरा बदलायचा तर विक्री जिथे झाली त्या शाखेची मंजुरी लागते, असे बेळगावच्या सेंटरने सांगितले. बिलावरचा जीएसटी क्रमांक २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या संकेतांकाने सुरू होत असल्याने ती शाखा कोल्हापूरची. कोल्हापूरने माझा पिनकोड ऐकला आणि कर्नाटकातील तक्रार आपल्या संगणकावर उघडतच नाही असे सांगितले. मशीन टेम्पोत घालून मी स्वतः तुमच्या दारात आणतो, असेही म्हणून पाहिले. नोंद नसलेले मशीन आत घेता येत नाही, असे उत्तर आले. वॉरंटी कार्डावर ती भारतभर लागू असल्याचे छापलेले आहे. निपाणी त्यात कुठे बसते, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक नव्हते. सीमाभागाचा वाद १९५६ पासूनचा आहे, पण तो माझ्या मोरीपर्यंत येऊन पोहोचेल असे वाटले नव्हते.

अशा वेळी आमच्याकडे एक सोपी वाट सांगितली जाते. कागल हद्दीपलीकडे आहे, तिथला पिनकोड ४१६ ने सुरू होतो आणि जवळपास प्रत्येकाचे कोणी ना कोणी तिथे असते. माझी तर सासरवाडीच कागलची. मेहुण्यांनी आपला पत्ता देऊन तक्रार नोंदवायला सुचवले, मशीन दोन दिवस त्यांच्या पडवीत ठेवायचीही तयारी दाखवली. मी ते टाळले, कारण मशीन बसवल्याच्या नोंदीत निपाणीचा पत्ता होता आणि खोटा पत्ता दिल्याचे आणखी एक निमित्त मला कंपनीच्या हाती द्यायचे नव्हते. पत्नीला हा माझा हट्ट वाटला. दोन महिने कपडे हाताने धुण्याचे काम मुख्यतः तिच्याकडेच होते, त्यामुळे तिच्या म्हणण्याला वजन होते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला फोन करणे बंद करून लेखी कामाला लागलो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली; तिथे मराठीत बोलता येते, याचा मोठा दिलासा वाटला. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पोहोचवून उत्तर मागवते. त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल पाठवला. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, जॉब शीट, खडखडाटाचा व्हिडिओ आणि घराचे वीजबिल जोडले. मीटर घरगुती दराचा आहे, हे हेस्कॉम या आमच्या वीज कंपनीच्या बिलावरच छापलेले असते, आणि ‘व्यावसायिक वापर’ या शेऱ्याला माझ्याकडे दुसरे कागदी उत्तर नव्हते. शेवटी लिहिले की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क नाही, आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर मी बेळगावच्या आयोगाकडे जाईन. हा मजकूर वकिलाविना, दोन रात्री बसून लिहिला.

पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, पण फोनची दिशा बदलली. आता तिकडून फोन येऊ लागले. जॉब शीटवरचा शेरा ‘चुकून पडला’ असे कळवण्यात आले आणि पार्ट मागवला गेला. नवा टब महिनाभराने आला आणि २९ मार्च २०२५ रोजी, पहिल्या तक्रारीपासून ११० व्या दिवशी, तोच चिकोडीकडचा टेक्निशियन एका मदतनिसाला घेऊन हजर झाला. तीन तास त्याने मन लावून, स्वच्छ काम केले आणि एक पैसाही घेतला नाही. शेऱ्याबद्दल विचारल्यावर तो कानडीतच म्हणाला की गाळ दिसला तर काय लिहायचे ते वरून ठरलेले असते, आणि एका फेरीचे त्याला जे मिळते त्यात वाद घालणे परवडत नाही. त्याच्यावरचा माझा राग तिथेच ओसरला. या वेळी जॉब शीट मात्र पूर्ण वाचली, तिचा फोटो काढला, आणि मशीनमध्ये एक धुणे पूर्ण झाल्यावरच ओटीपी दिला.

दुरुस्तीला आज पाच महिने झाले आहेत. आवाज नाही, गळती नाही, स्पिन पहिल्यासारखे आहे. वखारीचे कपडे आता आधी अंगणात झटकतो आणि ड्रेन फिल्टर दर रविवारी धुतो. ही काळजी पहिल्यापासून घ्यायला हवी होती, एवढा दोष माझा. मशीनला मी पाचपैकी चार तारे देतो, सेवेला एक, आणि तोही त्या टेक्निशियनच्या हातासाठी.

मूळ वॉरंटी २३ ऑक्टोबर २०२५ रोजी संपते. बंद पडलेले ११० दिवस तिच्यात वाढवून द्यावेत, असा अर्ज मी एप्रिलमध्येच केला आहे. त्याचा शेरा अजूनही ‘प्रक्रियेत’ असाच दिसतो, आणि तो अर्ज बेळगावकडे आहे की कोल्हापूरकडे, हे विचारले तर दोन्ही ठिकाणी दुसऱ्या ठिकाणाचे नाव सांगतात.