पाकीटमार आणि बँकेतला साहेब

लोकलमध्ये पाकीटमार सापडला की आधी डबा हात धुऊन घेतो, मग पोलीस. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचं चोरीचं कलम ३७९, फार तर ३ वर्षं कैद.

दुसरीकडे २०१९ची पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. एचडीआयएल या बांधकाम कंपनीची साडेसहा हजार कोटींची कर्जं लपवायला २१,०४९ बोगस खाती उघडल्याचा आरोप. बँकरने विश्वासघात केला तर त्याच संहितेचं कलम ४०९, थेट जन्मठेपेपर्यंत. म्हणजे कागदावर कायदा साहेबालाच जास्त कडक! पण पाकीट खिशात सापडतं, खोटी नोंद शोधायला ऑडिटर बसवावे लागतात. तोवर ठेवीदार शाखेबाहेर उभे. खात्यातून पैसे काढायची रिझर्व्ह बँकेची सुरुवातीची मर्यादा काय, तर ६ महिन्यांत १,००० रुपये. पाकीटमाराने निदान पुढच्या पगाराला हात लावला नसता. साहेबाला मात्र कुणी चापट मारल्याचं ऐकलं नाही.