‘सगळं कव्हर आहे’ म्हणून गळ्यात मारलेली घोड्याची पॉलिसी

पॉलिसी खरी, शिक्का खरा, पावतीही खरी. तरीही घोडेमालक नागवला जातो, कारण त्याने मागितलं एक आणि त्याला विकलं गेलं दुसरंच.

ठरलेला प्रकार असा. ओळखीचं कुणी आठवड्यातून दोनदा रपेटीला घोडा नेतं आणि महिन्याकाठी चाऱ्याच्या खर्चाला हातभार लावतं. मालक एजंटला विचारतो, ‘दुसरं कुणी पडलं तर?’ उत्तर येतं, ‘निश्चिंत राहा, सगळं कव्हर आहे.’ पुढे स्वार पडतो, मनगट मोडतं, भरपाईची नोटीस येते आणि कंपनी दावा फेटाळते.

फेटाळण्याचं पहिलं कारण पॉलिसीच्या शीर्षकातच असतं. घोडा मेला तर मालकाला पैसे देणारा विमा वेगळा. घोड्यामुळे दुसऱ्याला इजा झाली आणि मालकाची कायदेशीर जबाबदारी ठरली, तर ती उचलणारा दायित्व विमा वेगळा. चूक कुणाचीही असो, स्वाराचा उपचारखर्च देणारा अपघात विमा तिसराच, आणि तो स्वाराने स्वतः काढायचा असतो. बहुतेकदा पहिलाच विकून तिन्हींची हमी तोंडी दिली जाते.

दुसरं कारण जास्त घातक. प्रस्ताव फॉर्म एजंट भरतो, मालक कोऱ्यावर सही करतो. ‘वापर’ या रकान्यात ‘फक्त स्वतःसाठी’ लिहिलं की हप्ता कमी बसतो आणि पॉलिसी झटकन खपते. पण चाऱ्याचा तो हातभार कंपनीच्या लेखी भाडं ठरू शकतो. खात्यावर दरमहा जमा होणारी तेवढीच रक्कम तपासात लगेच सापडते. एजंट हात वर करतो, कारण सही मालकाची असते. आमच्या मते खरा दरोडा इथेच पडतो.

घोड्यालाच इजा झाली तर स्वाराच्या दायित्व विम्याकडेही फार आशेने पाहू नका. स्वतःच्या ताब्यात घेतलेल्या दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान अशा पॉलिसींतून सहसा वगळलेलं असतं.

‘जबाबदारी माझी’ असं स्वाराकडून लिहून घेतलं तरी मालकाचा निष्काळजीपणा त्याने धुऊन निघेलच असं नाही. घोडा बुजतो किंवा मागचे पाय झाडतो हे ठाऊक असून लपवलं, तर तो कागद फारसा टिकत नाही. स्वार अल्पवयीन असेल तर कागद आणखी कच्चा. खोड स्पष्ट लिहा आणि त्याखाली सही घ्या.

पॉलिसी घेण्याआधी एजंटला बाजूला ठेवून थेट कंपनीला ईमेल करा: ‘माझा घोडा दुसरी व्यक्ती, माझ्या गैरहजेरीत, खर्चात वाटा देऊन चालवते. तिला किंवा वाटसरूला इजा झाल्यास दायित्व लागू आहे का? कोणत्या कलमाखाली?’ होकार आला तर तो पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीत उतरवून घ्या. फोनवरचं आश्वासन दाव्याच्या वेळी कुणी मोजत नाही.

अपघात झालाच तर आधी उपचार. मग खोगीर आहे तसं बाजूला ठेवा. तंग (घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा) कुठल्या भोकात होता, रिकिबीच्या (पाय ठेवायच्या कडीच्या) पट्ट्याची शिवण उसवली आहे का, याचे जवळून फोटो काढा. तुटका पट्टा फेकू नका, शिवूनही आणू नका. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. ‘चूक माझी, बिल मी भरतो’ असं कबूल करू नका. कंपनीला न विचारता दिलेली कबुली बऱ्याच पॉलिसींत अटींचा भंग ठरते.

पॉलिसी आधीच घेतली असेल तर भरलेल्या प्रस्ताव फॉर्मची प्रत आजच मागवा. ‘वापर’ चुकीचा लिहिलेला दिसला, तर घोडा कुणाच्या हाती देण्याआधी लेखी दुरुस्ती करून घ्या, हप्ता वाढला तरी.