लेकीच्या पुढच्या चार दुधाच्या दातांच्या कॅप : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात माझ्या लेकीच्या वरच्या पुढच्या चारही दातांना कॅप (किडलेल्या दातावर बसवायचं टोपीसारखं आवरण) बसवल्या, तेव्हा ती तीन वर्षं दोन महिन्यांची होती. मधल्या दोन दातांना झिर्कोनिया (पांढऱ्या, कडक, तयार मिळणाऱ्या कॅप) आणि बाजूच्या दोघांना स्ट्रिप क्राऊन (दाताच्या रंगाच्या मसाल्याने दातावरच बनवलेल्या कॅप), म्हणजे दोन्ही प्रकार एकाच तोंडात, त्यामुळे कुठलं कसं टिकतं ते रोज ब्रश करताना डोळ्यासमोर आहे. आम्ही देवगडजवळच्या गावात राहतो, इथे ह्या विषयावर बोलायला कोणी नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवात दीड वर्षाची असताना झाली. हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ दिसायची, मला वाटलं दुधाचा थर असेल, फडक्याने पुसायचे पण जायची नाही. तीच किडीची सुरुवात असते हे मला तेव्हा माहीत असतं तर बरंच टळलं असतं. मग रेघ पिवळी झाली, तपकिरी झाली, आणि अडीच वर्षांची होईपर्यंत मधल्या दातांचे तुकडे पडायला लागले. जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले दुधाचे दात आहेत, पडणारच, राहू दे. सासूबाईंचंही तेच, "दुधाचे दात ते, पडतलेच, कित्याक पैशे घालवतंस?" त्यांनी मायेनेच म्हटलं, पण वरचे मधले दात पडतात सहा-सात वर्षांचं झाल्यावर, बाजूचे त्याच्यानंतर, म्हणजे पोरीने अजून चार वर्षं तसंच काढायचं. भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायचं तिने सोडूनच दिलं होतं, बाजूने चावायची, आणि एका रात्री रडत उठली तेव्हा हिरडीवर पुळी होती. त्या दिवशी ठरवलं आता थांबायचं नाही.

लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर आम्हाला कोल्हापुरात मिळाले. फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे जायचं, लेकीला घाटात उलटी ठरलेली, चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी खुर्चीवर बसवलंच नाही. त्या आणि मी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसलो, लेक माझ्याकडे तोंड करून मांडीवर, मग तिला मागे झोपवलं की डोकं त्यांच्या मांडीत आणि हात माझ्या हातात. रडली, पण मी दिसत होते म्हणून दोन मिनिटात शांत झाली.

मग त्यांनी विचारलं, रात्री बाटली देता का? देत होतो. खडीसाखर घातलेलं दूध, तोंडात बाटली ठेवूनच झोपायची. झोपेत लाळ कमी होते आणि दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं, खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते म्हणून ते वाचतात. मी घरी येऊन ओठ खाली करून बघितलं, खालचे चारही दात अगदी स्वच्छ, मोत्यासारखे. ते बघून मला फार रडू आलं.

लगेच कॅप नाही बसवल्या. हिरड्या सुजलेल्या होत्या, हात लागला की रक्त, आणि रक्त किंवा लाळ लागली तर कॅप नीट चिकटत नाही. दोन आठवडे सकाळ-रात्र मी स्वतः हिरडीच्या कडेपर्यंत ब्रश करायचा आणि बाटली बंद, मगच काम. बाटलीतल्या दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत गेले, आठवड्याभरात नुसतं पाणी राहिलं आणि मग तिने स्वतःच ती बाजूला ठेवली. तीन रात्री कठीण गेल्या, एवढंच.

मधल्या दोन दातांची कीड आतल्या नसेपर्यंत पोचली होती, त्यामुळे भूल देऊन आधी नस काढून आत औषध भरलं. दात इतके तुटलेले की स्ट्रिप क्राऊनला धरायला काही उरलंच नव्हतं, म्हणून झिर्कोनिया. ही कॅप तयार साईजमध्ये येते, स्टीलच्या कॅपसारखी कडेने दाबून घट्ट करता येत नाही, दातच तिच्या मापाने घासावा लागतो. माप बघायला आधी गुलाबी रंगाच्या कॅप लावून बघितल्या, म्हणजे खऱ्या कॅपला आतून रक्त-लाळ लागत नाही. बाजूच्या दातांना पातळ पारदर्शक प्लास्टिकचा साचा, त्यात दाताच्या रंगाचा मसाला भरून दातावर बसवला, निळा लाईट मारला आणि साचा सोलून काढला. लेक नंतर आठवडाभर बाहुलीच्या दातांवर बॅटरी मारत होती.

खर्च आमचा असा झाला : झिर्कोनिया एकेक ५,०००, स्ट्रिप क्राऊन एकेक २,०००, नसेचं काम एका दाताचं २,५००, मिळून १९,००० आणि वर गाडीभाडं.

आता दहा महिन्यांचं. झिर्कोनियाला एक ओरखडा नाही, रंग पहिल्या दिवशीसारखा, कडेची हिरडी गुलाबी. सुरुवातीला जरा जास्तच पांढऱ्या आणि मोठ्या वाटल्या, महिन्याभरात डोळ्याला सवय झाली. सहा महिन्यांनी एक्सरे काढला, मुळाशी सगळं ठीक, पुळी परत आली नाही. वेळ आली की मूळ विरघळून कॅपसकट दात आपला पडेल, वेगळी काढावी लागणार नाही. स्ट्रिप क्राऊन दिसायला जास्त नैसर्गिक, पण नाजूक. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेतून खाजा आणला, लेकीने पुढच्या दाताने कडकन तोडला आणि उजव्या कॅपचा कोपरा उडाला. दुरुस्ती एका बैठकीत झाली, दुखलं काही नाही, पण परत घाट. डावीच्या कडेला आता बारीक तपकिरी रेघ दिसते. दात बरा शिल्लक असेल आणि बजेट कमी असेल तर स्ट्रिप क्राऊन चालेल, पण मला परत निवडायचं झालं तर चारही झिर्कोनिया घेईन.

एका दाढेत छोटी कीड होती, तिथे सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड नावाचं औषध लावलं, ना इंजेक्शन ना मशीन. कीड थांबते पण ती जागा कायमची काळी होते, म्हणून पुढच्या दातांना आम्ही नको म्हटलं. दाढेतला ठिपका काळा आहे पण तेवढाच, वाढलेला नाही. ज्यांचं मूल अजिबात बसत नाही किंवा खर्च झेपत नाही त्यांनी ह्याबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.

आणि कृपा करून हे ऐका, कॅप बसली तरी कीड परत लागू शकते, कॅपच्या कडेला आणि बाकीच्या दातांना. आधी आम्ही फ्लोराईड नसलेली मुलांची जेल वापरायचो, आता टूथपेस्टच्या ट्यूबवर १००० पीपीएम (फ्लोराईडचं प्रमाण) बघून घेते. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. ब्रश मी करते, तिच्या हातात नंतर देते. मे महिन्यात आंबापोळी खाल्ली, गणपतीत मोदकही खाल्ले, पण जेवणाबरोबर, दिवसभर चघळत नाही, आणि रात्री ब्रशनंतर फक्त पाणी. सासूबाईच आता नाचणीच्या सत्त्वात गूळ न घालता देतात आणि "दात घासलंस काय गो?" म्हणून आठवण करतात.

परवा कणीस पुढच्या दातांनी सोलून खाल्लं तिने, अख्खं. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे, ती डावी स्ट्रिप क्राऊन बदलायची की पॉलिश करून ठेवायची ते तेव्हा कळेल.