लाल बुश

गाडी दोन सीटची, मागच्या चाकांना ताकद देणारी, पंधरा वर्षं जुनी. सस्पेन्शनची रबरंही तिच्याच वयाची. ब्रेक दाबला की नाक जरासं डावीकडे जायचं, गतिरोधकावरून हळू उतरताना पुढून 'ठक्' असा आवाज यायचा आणि पुढच्या टायरची आतली कड लवकर झिजत होती. ही बुश गेल्याची लक्षणं असू शकतात, एवढं मला वाचून माहीत होतं. म्हणजे काहीच माहीत नसलेल्यापेक्षा मी जास्त सोपं गिऱ्हाईक होतो. मला काय ऐकायचंय ते मी आधीच ठरवून गेलो होतो.

बुश म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सस्पेन्शनचा आर्म, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा दांडा, गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, तिथे आत एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी नळी आणि मधे रबर असतं. रबर दोन्ही नळ्यांना कायमचं जोडलेलं असतं. आतली नळी बोल्टने घट्ट आवळलेली असते, ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळवटतं आणि पुन्हा जागेवर येतं. मधे काहीही घसरत नाही, म्हणून त्याला ग्रीसही लागत नाही.

मी ज्या मेकॅनिककडे गेलो त्याचं स्पोर्ट्स कारच्या कामात नाव होतं. गाडी लिफ्टवर चढवली, आर्मच्या फटीत लांब पहार घातली आणि जोर लावला. आर्म हलला. "बघा साहेब, किती प्ले आहे!" प्ले म्हणजे ढिलेपणा. मग टॉर्च मारून रबराच्या कडेवरच्या भेगा दाखवल्या. मी मान डोलावली. इतकी लांब पहार घातली तर धडधाकट बुशही हलतो, कारण हलण्यासाठीच तो बनवलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं. बघायचं असतं ते वेगळंच: रबर नळीपासून सुटलंय का, आर्म दणका देत जागा सोडतो का, नळी एका बाजूला खचलीय का. वरवरच्या बारीक भेगा वयाने पडतातच. तेवढ्याने बुश मेला असं होत नाही. माझे पुढचे बुश खरंच गेलेले होते, ही गोष्ट वेगळी. पण त्याने दाखवलेला पुरावा तो नव्हता.

मग विक्री सुरू झाली. रबर म्हणजे जुनं तंत्रज्ञान, घरगुती गाड्यांसाठी. अशा गाडीला पॉलियुरेथेनच (रबरासारखं, पण जास्त कडक प्लास्टिक) हवं, तेही लाल, कारण लाल म्हणजे सगळ्यात कडक, रेसिंगचं. एकदा टाका आणि विसरून जा, आयुष्यभर मेंटेनन्स नाही. (रबर व्हल्कनाइझ करण्याची, म्हणजे गंधक घालून तापवून टिकाऊ करण्याची युक्ती १८३९ची, हे बरोबर. पण पॉलियुरेथेनही १९३७चंच आहे. ऐकताना मात्र दोन्हींत शतकांचं अंतर वाटलं.) रंगावरून कडकपणा ठरत नाही. एका उत्पादकाचा लाल दुसऱ्याच्या काळ्यापेक्षा मऊ असू शकतो. कडकपणा मोजायचं माप 'शोर ए' आहे आणि विचारायचा तो त्यातला आकडा. मी रंग विचारला. खरं सांगायचं तर मला लालच हवे होते. चाकाच्या आतून डोकावणारा तो लाल ठिपका मला आधीच दिसायला लागला होता.

ठरलं ते असं: पुढचे-मागचे सगळे बुश बदलायचे आणि वर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. सोबत किटचा खोका, "ओरिजिनल माल आहे, पुरावा म्हणून ठेवा," असं सांगून. तो मी न उघडता डिकीत टाकला. जुने बुश मागितले नाहीत. विचारलं असतं तर "भंगारात गेले" हे उत्तर तयारच होतं, ते नंतर ऐकलं.

पहिला आठवडा मी खुशीत होतो. स्टिअरिंग जरा वळवलं की नाक लगेच वळायचं. मग कुरकुर सुरू झाली. सकाळी गॅरेजमधून गाडी काढताना जुनी खाट उठावी तसा आवाज. पुन्हा गेलो, तर त्याने खालून कसलासा तेलकट स्प्रे मारला आणि म्हणाला, "सेट व्हायला वेळ लागतो, साहेब." तीन दिवस शांतता, मग पहिल्यापेक्षा मोठा आवाज. खड्ड्यात चाक गेलं की आर्म अडकल्यासारखा व्हायचा, गाडी आदळायची. चौथ्या महिन्यात टायरची आतली कड पुन्हा गुळगुळीत झालेली दिसली, या वेळी मागेसुद्धा.

दुसरा मेकॅनिक वयस्कर होता, बोलणं मोजकं. त्याने पहार हातात घेतलीच नाही. आधी मागच्या आर्मजवळ वाकून बुशवर अंगठ्याचं नख घासलं. लाल रंगाचा पापुद्रा निघाला. खाली काळं, जुनं, पंधरा वर्षांचं रबर. मागचा एकही बुश बदललेला नव्हता. दिसणाऱ्या कडेवर नुसता स्प्रे पेंट मारला होता.

"खोका आहे का?" त्याने विचारलं. डिकीतून काढून दिला. लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पुढचा सेट, ८ नग. बिलावर "संपूर्ण किट, १ नग". चार महिने पुरावा माझ्याच डिकीत होता. काखेत कळसा, गावाला वळसा. आणि खोका रिकामाही नव्हता. तळाशी ग्रीसची चार छोटी पाकिटं होती, सीलबंद.

हे ग्रीस महत्त्वाचं आहे. पॉलियुरेथेनचा बुश रबरासारखा जोडलेला नसतो. त्यात आतली नळी आवळलेलीच राहते आणि बुश तिच्याभोवती खरोखर फिरतो. म्हणजे तिथे घर्षण आहे, म्हणजे वंगण हवं, आणि तेही किटसोबत येतं त्या प्रकारचं, बहुधा सिलिकॉनचं. तेलकट स्प्रे तिथलं उरलंसुरलं वंगण धुऊन नेतो, आणि शेजारी रबर असेल तर त्याला फुगवतो. "आयुष्यभर मेंटेनन्स नाही" हे वाक्य पॉलियुरेथेनबद्दल कुणी बोललं, तर समजा की त्याने स्वतः कधी ते उघडलेलं नाही.

पुढचे बुश निघाले ते खरे, चांगल्या मालाचे. बसवले होते चुकीचे. आतली नळी बुशपेक्षा किंचित लांब असावी लागते, म्हणजे बोल्ट आवळला की ताण नळीवर येतो आणि बुश मोकळा फिरतो. इथे नळ्या सांगाड्यावरच्या ब्रॅकेटमध्ये बसेनात म्हणून ग्राइंडरने घासल्या होत्या. टोकांवर चरे स्पष्ट दिसत होते. बोल्टने थेट पॉलियुरेथेनच चिमटीत धरलं होतं. आर्म अडकत होता तो त्यामुळे. खालच्या आर्मच्या मागच्या बाजूला मूळ गाडीत मोठा बुश होता, त्याच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या होत्या. त्यांच्यामुळे चाक खड्ड्यात आदळलं की आर्म जरा मागे सरकतो आणि धक्का जिरतो. तिथे भरीव, कडक बुश ठोकला की तो धक्का जातो थेट सांगाड्यात.

सगळ्यात वाईट बातमी त्याने शेवटी सांगितली. एक आर्म काळवंडलेला होता. जुना बुश प्रेसने, म्हणजे दाबयंत्राने न काढता गॅसच्या ज्वाळेने जाळून काढला होता. आर्म अॅल्युमिनियमचा, अशा धातूला मजबुती येते ती ठरावीक तापमानाच्या प्रक्रियेतून, आणि ज्वाळेने ती उतरते. बाहेरून भेग दिसत नाही. "हा मी परत लावणार नाही," तो म्हणाला. मी वाद घातला नाही. (जळत्या पॉलियुरेथेनचा धूर तर विषारीच असतो, तेव्हा घरी प्रयोग करणाऱ्यांनीही तो मार्ग घेऊ नये.)

अलाइनमेंटचा कागद मी नंतर नीट पाहिला. त्यावरची तारीख माझी गाडी पहिल्या मेकॅनिककडे पोचायच्या आदल्या दिवसाची होती.

कागद, खोका आणि फोटो घेऊन पहिल्याकडे गेलो. आधी हसला. मग म्हणाला, तुम्ही गाडी जोरात चालवता. मग म्हणाला, दुसऱ्याने उघडलीय, आता वॉरंटी संपली. रंगाबद्दल विचारलं तर "पोरांनी केलं असेल." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. बरीच हुज्जत घातल्यावर मागच्या बुशांचे पैसे परत मिळाले. आर्मचे आणि मजुरीचे बुडाले ते बुडाले. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी उघडण्याआधी लेबलचे आणि नख मारलेल्या जागेचे फोटो काढून ठेवले असते, तर माझी बाजू भक्कम झाली असती. मी काढले ते सगळं सुटं झाल्यावर.

नवं काम असं केलं. आर्मना पुढे-मागे मूळ गाडीचेच रबरी बुश, प्रेसने बसवलेले, पोकळ्यांची दिशा आर्मवरच्या खुणेला जुळवून. पॉलियुरेथेन फक्त अँटी-रोल बारला, म्हणजे वळणावर गाडी फार कलू नये म्हणून असलेल्या दांडीला. तिथे बार एकाच अक्षावर फिरतो, आवाज आला तरी दोन बोल्ट सोडून ग्रीस भरता येतं. आणि एक गोष्ट मी तोंड उघडं टाकून पाहिली. गाडी उचलण्याआधी त्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेऊन ठेवलं. बुश बसल्यावर आर्मखाली जॅक लावून तेच माप येईपर्यंत वर उचललं आणि तेव्हाच बोल्ट शेवटचे आवळले, टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने. चाकं हवेत लोंबत असताना आवळले असते, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळवटलेल्या अवस्थेत राहिलं असतं आणि वेळेआधीच फाटलं असतं. अलाइनमेंट माझ्यासमोर केलं, जुने बुश पिशवीत बांधून माझ्या हातात दिले.

परवा अँटी-रोल बार पुन्हा थोडा कुरकुरला. खोक्यातलं दुसरं पाकीट फोडलं. दोन अजून शिल्लक आहेत.