सेकंडहँड कॅसेट डेक : नऊ महिने वापरल्यावर

गेल्या श्रावणात बेळगावात ओळखीच्या एकाकडून जुना कॅसेट डेक घेतला, साडेतीन हजारांना. तेव्हापासून आठवड्यातून तीनचारदा तरी चालतो. "घेऊ का?" असं विचारणारे बरेच भेटले, त्यांच्यासाठी हे.

आधी दुखणं. पहिल्याच आठवड्यात बाबा आतून ओरडले, "खाली का गाऊलालेत रे हे?" माझ्या कानाला काहीच जाणवलं नव्हतं. बाबा भजनात पेटीवर बसतात आणि याच कॅसेटबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं सराव केलेला. पेटी काढून त्यांनी दाखवलंच : काळी एकचा अभंग पांढरी एकवर, म्हणजे अर्धा सूर खाली, उतरला होता. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. हा वेग सहा टक्के कमी झाला की गाणं नेमकं एवढंच खाली येतं.

शहापुरातल्या मेकॅनिकनं झाकण उघडलं आणि "बेल्ट हाळागेती" (बेल्ट खराब झालाय) म्हणून मोकळा झाला. रबर सैल पडून चिकट झालं होतं. नवा बेल्ट घातला, मग मोटरच्या पाठीवरच्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून वेग जुळवला. बाबा पेटी घेऊनच गेले होते. दुकानात गिऱ्हाईकं थांबून बघत होती. चारशे रुपये गेले, पण माझ्या मते तो अर्धा तास डेकच्या किमतीपेक्षा भारी होता.

दुसरा त्रास आमच्या हवेचा. घर खानापूरचं, पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या. पेटाऱ्यातल्या चाळीसेक कॅसेटींपैकी अकरांच्या टेपवर पांढरी बुरशी. अशी कॅसेट चुकूनही लावू नका. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. मी एक लावली आणि मग कापसाचा बोळा अन् आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन संध्याकाळ घालवली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटींची टेप पातळ असते, त्यातल्या दोन मशीननं खाल्ल्या. साठवाल्या मात्र ठणठणीत.

आवाजाबद्दल खरं सांगायचं तर फोनवर तेच गाणं जास्त स्वच्छ वाजतं. 'कॅसेटचा आवाज गोड' वगैरे म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्ही शेजारी लावून बघावं. सूं सूं ऐकू येतेच, आणि दुसऱ्याच्या मशीनवर भरलेली कॅसेट दबकी वाजते. हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवला तर जरा सुधारते.

मग ठेवलाय कशाला? बाबांनी बेळगावच्या खडेबाजारात यादी देऊन भरून घेतलेल्या कॅसेटींसाठी. एका बाजूला भीमसेन जोशींचे मराठी अभंग, दुसऱ्या बाजूला त्यांचीच कन्नड दासवाणी, म्हणजे तिकडच्या हरिदास संतांची पदं. गदगचा माणूस, दोन्हीकडचा विठ्ठल एकाच गळ्यातून. कॅसेट उलटली की झालं. फोनवरच्या ॲपनं आधी भाषा विचारली आणि एकाच माणसाचं गाणं दोन खोल्यांत टाकलं. शिवाय क्रम. आई अजूनही एक अभंग संपला की त्या यादीतला पुढचा गुणगुणायला लागते, आणि फोन तिसरंच काही सुरू करतो. ती फोनवर चिडते, आम्ही हसतो.

आणि एका कॅसेटवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. १९९१ साली बाबांनी घरीच भरल्या. मागे जात्याची घरघर, मध्येच कुणीतरी "चहा ठेवू का?" विचारतंय. आजी तिसऱ्या ओवीच्या मध्यावर असताना खट्ट असा आवाज येतो आणि पुढे सात मिनिटं मी : क्रिकेटची कॉमेंट्री, वय वर्षं नऊ, सगळे षटकार माझेच. कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लॅस्टिकचे चौकोन मोडून टाकले असते तर वर काही भरता आलं नसतं. बाबांचं तेवढं राहिलं, आणि मी रेकॉर्डचं बटण दाबलं. एवढ्या वर्षांत ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. परवा ऐकताना फक्त म्हणाले, "धावा किती झाल्या रे?"

म्हणजे नुसती सिनेमाची गाणी ऐकायची असतील तर डेकच्या फंदात पडू नका. घरात भरलेलं काही असेल तर घ्या, बेल्टचे पैसे धरून घ्या, आणि पावसाआधी घ्या. आमच्याकडे पाऊस तोंडावर आलाय. आजीची कॅसेट मागच्या रविवारी लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि ते दोन चौकोन मी पेचकसानं मोडले.