सरबलोहाचा बाटा-खंडा संच: बाटा झकास, खंड्यात कंजूषी

बाटा म्हटलं की आपल्याला चपला आठवतात. शिखांच्या अमृत संचारात, म्हणजे दीक्षाविधीत, मात्र बाटा म्हणजे अमृत (पाठ म्हणत खंड्याने ढवळलेलं बत्ताशांचं पाणी) तयार करायचं लोखंडी भांडं. या संचात 30 सेंमी व्यासाचा अर्धगोल बाटा, तीन पायांची चौकी आणि खंडा, म्हणजे दुधारी तलवार, येतो.

आधी धातूचं बघू, कारण फसवणूक तिथेच होते. 1699च्या वैशाखीपर्यंत दीक्षा चरण पाहुलची होती, म्हणजे गुरूंच्या पायाच्या अंगठ्याचा स्पर्श झालेलं पाणी प्यायचं. आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी चरणाच्या जागी लोखंडी खंडा आणला, पंज प्याऱ्यांना (दीक्षा घेणाऱ्या पहिल्या पाच शिखांना) अमृत दिलं आणि मग त्यांच्यासमोर बसून स्वतःही घेतलं. म्हणून ‘स्टीलचा घेतला तर काय बिघडलं?’ हा प्रश्न इथे गैरलागू. सरबलोह म्हणजे निव्वळ लोखंड. चुंबक लावून खात्री होत नाही, काही प्रकारच्या स्टीललाही तो चिकटतो. पाण्याचा थेंब रात्रभर राहू द्या. सकाळी तांबूस डाग पडला तर निदान स्टेनलेस स्टील नाही. या बाट्यावर पडला.

माप नीट निवडलंय. अमृत पाच जण मिळून करतात: पाठ म्हणणारा डाव्या हाताने काठ धरतो आणि उजव्याने खंडा फिरवतो. उरलेले चौघे दोन्ही हातांनी काठ धरतात. काठावर एकूण नऊ हात. एका तळव्याला 8 सेंमी धरले तरी 72 सेंमी काठ हवा. 20 सेंमीच्या बाट्याचा घेर जेमतेम 63 भरतो, याचा 94. काठ बाहेर वळवून गोल केलाय, त्यामुळे पाच बाण्या, म्हणजे पाठ (जपजी, जाप, सवैये, चौपई, आनंद), संपेपर्यंत बोटांना काचत नाही. काठोकाठ भरला तर सुमारे 7 लिटर मावतात. पण अर्ध्या उंचीपर्यंत भरलात तर निम्मे नव्हे, सव्वादोन लिटरच. अंदाज चुकतो तो इथे. प्रत्येकाला पाच ओंजळी प्यायला, पाच वेळा डोळ्यांवर, पाच वेळा केसांत, शिवाय उरलेलं सगळ्यांनी त्याच बाट्यातून प्यायचं, हे धरून पाणी घ्या.

खंड्याने निराशा केली. पातं ठीक आहे, पण मूठ पितळी, रिव्हेटने बसवलेली आणि सांध्यात फट. धुताना पाणी आत शिरतं, आतून गंज धरतो आणि पुढे मूठ डुगडुगते. टोकही नको इतकं अणकुचीदार, तळाशी ओरखडे पाडतं. बत्तासे तळाशी बसतात, त्यामुळे खंडा तिथवर न्यावाच लागतो. टोक कानशीने किंचित बोथट करून घ्या, धारेला हात लावू नका.

चौकीचा एक पाय आखूड. अर्धगोल भांडं तिच्याशिवाय स्थिर राहत नाही, तेव्हा दुकानातच पाणी भरून हलवून बघा.

कारखान्यातलं तेल पहिल्यांदा राखेने दोनतीनदा घासून काढा, नाहीतर पाण्यावर तवंग येतो. चिंच-लिंबू लावू नका; चकाकी येते, पण पृष्ठभाग उघडा पडून गंज लवकर चढतो. धुतल्यावर निथळत ठेवायचा नाही, लगेच पुसून मंद आचेवर कोरडा करायचा आणि तुपाचं बोट फिरवायचं.

बाट्याला पाचपैकी साडेचार, चौकीला तीन, खंड्याला दोन. सुटा मिळत असेल तर बाटा एवढाच घ्या आणि खंडा अखंड लोखंडी मुठीचा वेगळा घडवून घ्या.